अल्पायुषी अणुकेंद्रकांचे चतुर्ध्रुवी परिबल कसे मोजावे : पद्धतीच्या निवडीपासून अंतिम आकड्यापर्यंत

चतुर्ध्रुवी परिबल मोजले, असे आपण सहज बोलून जातो; प्रत्यक्षात कोणतीही प्रयोगशाळा ते एकटे मोजत नाही. मोजली जाते ती एक वारंवारता, आणि ती दोन राशींच्या गुणाकाराशी समप्रमाणात असते. त्यातील एक राशी म्हणजे केंद्रकाचे चतुर्ध्रुवी परिबल क्यू, आणि दुसरी म्हणजे केंद्रकाच्या जागी असलेली विद्युत् क्षेत्राची प्रवणता. पहिली राशी केंद्रकाची आणि दुसरी भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची असते. क्यूचा आकडा हवा असेल तर प्रवणता कोठून तरी स्वतंत्रपणे आणावीच लागते, आणि आजच्या बहुतेक मोजमापांत मोठी अनिश्चितता तिच्यातूनच येते. म्हणून या लेखातील पायऱ्या सर्वसाधारण पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने मांडलेल्या नाहीत. यंत्रसामग्रीच्या आधी येथे संदर्भ समस्थानिकाचा, म्हणजे ज्याचा क्यू आधीच ज्ञात आहे अशा त्याच मूलद्रव्याच्या समस्थानिकाचा, विचार केला आहे. हा लेख पदव्युत्तर भौतिकशास्त्र झालेल्या आणि अशा प्रयोगाच्या गटात नव्याने दाखल होणाऱ्या वाचकासाठी आहे.

मोजायचे ते नेमके काय

केंद्रकातील धन विद्युत् भार गोलाकार पसरलेला नसेल, तर तो स्पिनच्या, म्हणजे केंद्रकाच्या अंगभूत कोनीय संवेगाच्या, अक्षाच्या दिशेने लांबट किंवा चपटा असतो. हा फरक क्षेत्रफळाच्या एककात, म्हणजे बार्नमध्ये, सांगतात. एक बार्न म्हणजे १०⁻²⁸ चौरस मीटर. अणूंच्या वर्णपटातून असे परिबल पहिल्यांदा १९३५ साली युरोपियममध्ये ओळखले गेले. पुढे १९३९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ राबी यांच्या गटाने ड्यूटेरॉनसारख्या साध्या केंद्रकालाही ते असल्याचे दाखवले. ड्यूटेरॉनचे मूल्य बार्नच्या तीन हजारांशाहूनही थोडे कमी आहे. चांगल्या विकृत जड केंद्रकांत ते काही बार्नपर्यंत जाते.

प्रयोगाचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. केंद्रकाचा स्पिन शून्य किंवा अर्धा असेल, तर केंद्रक कितीही विकृत असले तरी या मार्गाने काहीही दिसणार नाही. विकृत केंद्रकाचा स्पिन जेव्हा त्याच्या सममिती-अक्षावरच असतो, तेव्हा दिसणारे परिबल पुढील सूत्राने मिळते.

दिसणारा क्यू = आंतरिक क्यू × आय(२आय − १) ÷ [(आय + १)(२आय + ३)]

आय म्हणजे केंद्रकाचा स्पिन. स्पिन ३/२ असताना हा गुणक केवळ १/५ आणि स्पिन ५/२ असताना ५/१४ येतो. लहान स्पिनचे केंद्रक आपली विकृती झाकून ठेवते, आणि लहान क्यूचा अर्थ लहान विकृती असा लगेच घेता येत नाही.

प्रवणतेचीही कल्पना असावी. दोन पट्ट्यांमध्ये मिलिमीटरभर अंतर ठेवून काही किलोव्होल्ट लावले, तर प्रवणता १०⁹ व्होल्ट प्रति चौरस मीटरच्या आसपास येते. अणूच्या आत किंवा झिंकसारख्या षट्कोनी स्फटिकात ती १०²¹ ते १०²² असते. एक बार्न आणि १०²¹ व्होल्ट प्रति चौरस मीटर यांचा गुणाकार वारंवारतेत बदलला की २४.२ मेगाहर्ट्झ येतात. हा आकडा पाठच करून ठेवावा, कारण पुढचे सगळे अंदाज त्यावरून तोंडी करता येतात. प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांनी तोच परिणाम एका हर्ट्झच्या काही लाखांशांइतका होईल. त्यामुळे निसर्गाने तयार ठेवलेली प्रवणता वापरण्याखेरीज इलाज नाही.

पहिली पायरी : आयुष्य पाहून पद्धत निवडणे

अर्धायुष्य दहा मिलीसेकंदांहून जास्त असेल आणि मूलद्रव्याला सोयीची प्रकाशीय संक्रमणे असतील, तर समरेख लेसर वर्णपटमापन (आयनांच्या किरणाच्याच दिशेने लेसर सोडून वर्णपट मोजणे) ही पहिली पसंती असावी. त्यातून क्यूबरोबर स्पिन, चुंबकीय परिबल आणि भार-त्रिज्येतील बदल हेही एकाच मोजणीत मिळतात. हलकी केंद्रके आणि लहान क्यू असतील, तर अणूच्या वर्णपटातली विभागणी रेषेच्या रुंदीत बुडून जाते. तेथे बीटा-अनुस्पंदन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या बीटा कणांच्या दिशेवरून अनुस्पंदन ओळखण्याचे तंत्र, वापरावे; अर्धायुष्य काही मिलीसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत असलेल्या बीटा-क्षयी केंद्रकांना ते लागू पडते. आयुष्य नॅनोसेकंद ते काही मायक्रोसेकंद असलेल्या आयसोमरांसाठी, म्हणजे केंद्रकाच्या टिकाऊ उत्तेजित अवस्थांसाठी, गॅमा किरणांच्या कोनीय वितरणात काळानुसार होणारा बदल मोजतात. पिकोसेकंदांत विरणाऱ्या अवस्थांसाठी कूलॉम्ब-उत्तेजन उरते : प्रवेगित केंद्रक शिशासारख्या जड लक्ष्याजवळून जाताना त्या लक्ष्याचीच प्रचंड प्रवणता त्याच्यावर काम करते, आणि उत्तेजनाची संभाव्यता परिबलाच्या चिन्हानुसार किंचित बदलते. या शेवटच्या पद्धतीला संदर्भ समस्थानिक लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र इतर सर्व अवस्थांची संक्रमणे ठाऊक असावी लागतात आणि अचूकता बहुधा दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

दुसरी पायरी : संदर्भ आधी ठरवणे

त्याच मूलद्रव्याचा एखादा समस्थानिक निवडावा, ज्याचा क्यू स्वतंत्रपणे ज्ञात आहे. एकाच मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांभोवतीचे इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखेच असतात, म्हणून दोन वारंवारतांचे गुणोत्तर म्हणजेच दोन क्यूंचे गुणोत्तर, आणि प्रवणता छेदून जाते. इलेक्ट्रॉनांच्या आतल्या कवचांमुळे बाहेरची प्रवणता कमी किंवा अनेक पटींनी जास्त होते. हा आच्छादन-परिणाम हिशेबात धरणे अवघड असते, आणि गुणोत्तरात तोही नाहीसा होतो.

संदर्भाचा स्वतःचा आकडा मात्र कोणीतरी गणिताने काढलेला असतो. बिस्मथ-२०९ चे उदाहरण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावे असे आहे. या अणूची अतिसूक्ष्म संरचना, म्हणजे केंद्रकाच्या परिबलांमुळे अणूच्या पातळ्यांत होणारी बारीक विभागणी, फार पूर्वीपासून उत्तम अचूकतेने ठाऊक आहे. तरीही २००१ च्या गणनेतून त्याचा क्यू सुमारे −०.५२ बार्न ठरला आणि २०२१ च्या सुधारित गणनेतून सुमारे −०.४२ बार्न. मोजमाप तेच राहिले आणि क्यू मात्र पंचमांशाने घटला, कारण इलेक्ट्रॉनांचे गणित सुधारले. बिस्मथचे जेवढे अल्पायुषी समस्थानिक या संदर्भावर टेकवले होते, त्या सर्वांचे आकडे त्याबरोबर सरकले. म्हणून प्रस्तावातच लिहून ठेवावे की संदर्भ कोणता, त्याचा क्यू कोणत्या प्रकारच्या गणनेतून आलेला आहे आणि त्याची अनिश्चितता किती. ही अनिश्चितता चार टक्के असेल, तर तुमच्या मोजणीची सांख्यिकी अनिश्चितता एक टक्क्याखाली नेण्यासाठी किरणवेळ (प्रवेगकावरचा मोजणीचा वेळ) मागण्याला फक्त एकच कारण उरते : समस्थानिकांमधील गुणोत्तरांचा कल पाहणे. ते कारण उत्तम आहे, पण तसे स्पष्ट म्हणावे.

तिसरी पायरी : लेसरने मोजणे, कॅडमियमच्या उदाहरणाने

जिनिव्हाजवळील सर्न येथील आयसोल्ड या अल्पायुषी समस्थानिक तयार करणाऱ्या केंद्रावर कॅडमियमच्या समस्थानिकांची जी मालिका मोजली गेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झाली, ती शिकण्यासाठी आदर्श आहे. तेथे प्रोटॉनांचे १.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे स्पंद युरेनियम कार्बाइडच्या तापलेल्या लक्ष्यावर पडतात. विखंडनातून निघालेले अणू लक्ष्याबाहेर झिरपतात, लेसरने त्यांचे आयनीकरण होते, आणि ३० ते ६० किलोव्होल्टने प्रवेगित करून चुंबकाने हवा तो वस्तुमानांक वेगळा काढतात. कॅडमियमच्या बाबतीत खरी डोकेदुखी इंडियम आणि सीझियम यांची असते. ती मूलद्रव्ये तापल्या पृष्ठभागावर आपोआप आयनित होऊन किरणात घुसतात. क्वार्ट्झची वाहकनळी वापरली की ती नळीत अडकतात आणि कॅडमियम पुढे जाते. किरण शुद्ध नसेल तर पुढची सगळी मेहनत पार्श्वभूमी मोजण्यात जाते.

आता किरणाच्या दिशेनेच लेसर का सोडतात ते पाहू. दोन हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या स्रोतातील कॅडमियमची २१४.५ नॅनोमीटरची रेषा डॉप्लर परिणामामुळे सुमारे साडेचार गिगाहर्ट्झ रुंद असते. पाहिजे असलेली विभागणी काहीशे मेगाहर्ट्झची असल्याने या रुंदीत ती सापडणार नाही. मात्र आयनांना ३० किलोव्होल्टने प्रवेगित केले की ऊर्जेतील पसारा तेवढाच राहतो आणि वेगातील पसारा फार कमी होतो, कारण वेग जास्त असताना तोच ऊर्जाफरक वेगात लहान फरक घडवतो. १९७६ साली सुचवलेल्या या युक्तीवर संपूर्ण पद्धत उभी आहे. वस्तुमानांक १११ साठी ३० किलोव्होल्टवर एका व्होल्टच्या फरकाने वारंवारता सुमारे १८ मेगाहर्ट्झने सरकते. या संक्रमणाची नैसर्गिक रुंदी ६० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टचा पसारा त्यामुळे सहज खपतो.

हाच आकडा उलट्या बाजूने धोक्याची सूचनाही देतो. लेसरची वारंवारता स्थिर ठेवून आयनांवरचे व्होल्टेज बदलत वर्णपट घेतात, म्हणजे व्होल्टेज हीच मोजपट्टी असते. हे उच्च व्होल्टेज मोजण्यासाठी वापरलेला विभाजक एक हजारांशाने चुकीचा असेल तर ३० किलोव्होल्टमध्ये ३० व्होल्टची, म्हणजे पाचशेहून अधिक मेगाहर्ट्झची चूक होते. रेषांच्या परस्पर अंतरांवर तिचा परिणाम खूपच कमी असला तरी तो शून्य नसतो. उपाय असा, की एकदा लेसर किरणाच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध दिशेने सोडून दोन्ही अनुस्पंदन वारंवारता मोजाव्यात. त्यांचा गुणाकार हा स्थिर आयनाच्या वारंवारतेच्या वर्गाइतका असतो, आणि त्यातून खरे व्होल्टेज परत काढता येते. हे काम पहिल्याच पाळीत, किरण भरपूर असलेल्या समस्थानिकावर उरकून घ्यावे.

२१४.५ नॅनोमीटरचा प्रकाश टायटॅनियम-सफायर लेसरच्या ८५८ नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता दोनदा दुप्पट करून मिळतो. कॅडमियमच्या एकभारित आयनाची खालची पातळी इलेक्ट्रॉनी कोनीय संवेग १/२ ची आणि वरची ३/२ ची आहे. खालच्या पातळीत चतुर्ध्रुवी परिणाम असूच शकत नाही. तो फक्त वरच्या पातळीत, बी या सहगुणकातून (म्हणजे क्यू आणि प्रवणता यांच्या गुणाकाराच्या वारंवारतेतून) येतो. स्पिन ११/२ च्या आयसोमरासाठी खालची पातळी दोन भागांत आणि वरची चार भागांत विभागते, आणि निवडनियमांनुसार सहा रेषा दिसतात. अज्ञात राशी चारच आहेत : दोन चुंबकीय सहगुणक, बी आणि मध्यबिंदू. सहा रेषा आणि चार अज्ञात, म्हणजे दोन तपासण्या फुकट मिळतात. त्या वापराव्यात.

प्रकाश जमा करताना अडचण अशी, की येथे उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी लेसरचीच असते, आणि खिडक्यांवरून विखुरलेला लेसर प्रकाश संवेदकात शिरतो. यावर आयन गुच्छांत गोळा करणे हा उपाय आहे. हीलियमने भरलेल्या रेडिओवारंवारता सापळ्यात आयन साधारण १०० मिलीसेकंद साठवून ५ मायक्रोसेकंदांच्या गुच्छात सोडले, आणि त्या ५ मायक्रोसेकंदांतच मोजणी केली, तर पार्श्वभूमी वीस हजार पटींनी कमी होते. साठवण्याचा काळ मात्र अर्धायुष्याच्या पुढे नेऊ नये. क्षयातून तयार झालेली कन्या-केंद्रके साठवत बसण्यात अर्थ नाही. उत्पादन सेकंदाला काही दहा आयनांपर्यंत उतरले, तर प्रकाश मोजणे सोडून अनुस्पंदित आयनीकरणाकडे वळावे लागते. त्यात लेसरने टप्प्याटप्प्याने आयनित झालेले अणूच मोजतात.

मोजणीचा क्रम कंटाळवाणा ठेवावा : संदर्भ, अल्पायुषी, संदर्भ, अल्पायुषी. व्होल्टेज, लेसर आणि खोलीचे तापमान यांचा संथ प्रवाह संदर्भाच्या मोजणीतच पकडला जातो. रात्री तीन वाजता किरण छान येत असताना संदर्भाकडे परतायला कोणाचेच मन होत नाही, पण ज्या गटांनी ही शिस्त पाळली नाही त्यांच्या नोंदींत नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही.

वर्णपटावर वक्र बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, रेषांच्या उंचीवर सैद्धांतिक गुणोत्तरे लादू नयेत. लेसर तीव्र असेल तर काही अतिसूक्ष्म पातळ्या रिकाम्या होतात आणि उंच्या बदलतात. दोन, वरच्या आणि खालच्या चुंबकीय सहगुणकांचे गुणोत्तर सर्व समस्थानिकांत जवळजवळ सारखे असावे. मुक्त ठेवलेल्या वक्रातून ते सारखे आले तरच ओळख बरोबर समजावी, आणि मगच दुबळ्या वर्णपटांत ते स्थिर धरावे. तीन, किरणात मूळ अवस्था आणि आयसोमर दोन्ही असतात, त्यामुळे बारापर्यंत रेषा एकमेकींत मिसळतात, आणि एखादी रेषा चुकीच्या अवस्थेला दिली की बीचे चिन्हच उलटू शकते.

या श्रमांचे फळ काय, तर कॅडमियम-१११ पासून कॅडमियम-१२९ पर्यंतच्या दहा आयसोमरांचा क्यू न्यूट्रॉनांबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढत गेलेला दिसला. तो सुमारे −०.७५ बार्नपासून सुरू होतो, कॅडमियम-१२१ जवळ शून्यातून जातो आणि +०.५७ बार्नच्या आसपास पोहोचतो. ११/२ स्पिनच्या कवचात बारा न्यूट्रॉन मावतात, म्हणून साध्या कवच-प्रतिमानानुसार ही सरळ रेषा सहा बिंदूंपुरतीच हवी होती. ती दहा बिंदूंवर टिकते, याचा अर्थ न्यूट्रॉनांच्या जोड्या शेजारच्या कवचांतही वाटल्या जातात. येथे प्रवणता गणनेतून घेतली होती आणि तिची अनिश्चितता चार टक्के होती. ती सर्व बिंदूंना एकाच प्रमाणात लागू असल्याने रेषेचा उतार थोडा बदलेल, पण रेषा सरळच राहील. गुणोत्तरांच्या कलासाठी किरणवेळ मागावा, असे वर म्हटले ते यासाठीच.

चौथी पायरी : बीटा-अनुस्पंदन, लिथियमच्या उदाहरणाने

लिथियम-११ चे अर्धायुष्य सुमारे ९ मिलीसेकंद आहे आणि त्याचा क्यू बार्नच्या तिसाव्या भागाच्या आसपास. दोन बाहेरचे न्यूट्रॉन दूरवर पसरलेले असताना आतल्या लिथियम-९ च्या गाभ्याचा आकार बदलतो का, हा प्रश्न आहे. या क्यूमुळे अणूच्या वर्णपटात होणारी विभागणी रेषेच्या रुंदीपुढे नगण्य ठरते, पण स्फटिकातील अनुस्पंदनाची रेषा काही किलोहर्ट्झ इतकीच रुंद ठेवता येते. १०²¹ च्या प्रवणतेत ०.०३ बार्नला सुमारे ०.७ मेगाहर्ट्झ मिळतात. ते पुष्कळ झाले.

प्रथम केंद्रकांचे स्पिन एका दिशेला वळवावे लागतात. ६० किलोव्होल्टच्या आयनांना सोडियमच्या वाफेतून नेऊन उदासीन करतात आणि ६७१ नॅनोमीटरचा वर्तुळ-ध्रुवित लेसर त्यांच्याच दिशेने सोडतात. दीड मीटरचे अंतर अणू सुमारे दीड मायक्रोसेकंदात कापतो आणि उत्तेजित पातळीचे आयुष्य २७ नॅनोसेकंद असते. तेवढ्यात अनेकदा प्रकाश शोषून आणि सोडून अणू एकाच चुंबकीय उपपातळीत ढकलला जातो. मग चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवलेल्या स्फटिकात तो रुततो. स्पिन ज्या दिशेला, त्या दिशेला आणि तिच्या उलट दिशेला बाहेर पडणाऱ्या बीटा कणांची संख्या वेगळी असते, आणि ही असममिती हाच आपला संकेत असतो. रेडिओवारंवारता नेमकी बसली की उपपातळ्यांची लोकसंख्या समान होते आणि असममिती कोसळते.

स्फटिक दोन लागतात. सोने किंवा सिलिकॉनसारख्या घनीय स्फटिकात प्रवणता नसते, म्हणून तेथे केवळ चुंबकीय वारंवारता मिळते. झिंकच्या षट्कोनी स्फटिकात ती रेषा फुटते : स्पिन ३/२ साठी तीन रेषा होतात आणि लगतच्या दोन रेषांमधील अंतर क्यू आणि प्रवणता यांच्या गुणाकाराच्या वारंवारतेच्या निम्मे असते. स्पिन २ च्या लिथियम-८ साठी हेच अंतर पाव असते. संदर्भ म्हणून लिथियम-८ वापरताना हा निम्मा-पाव फरक विसरला की क्यू थेट दुप्पट किंवा अर्धा होतो, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते.

एकाच वारंवारतेने तीनपैकी एकच रेषा साधली, तर असममितीचा लहानसाच भाग नष्ट होतो. म्हणून तिन्ही वारंवारता एकदम लावतात. मधली घनीय स्फटिकावरून ठरलेली असते आणि बाजूच्या दोन समान अंतर राखून एकत्र सरकवल्या जातात. अंतर बरोबर जुळले की सगळी असममिती एकाच वेळी नाहीशी होते आणि संकेत कितीतरी मोठा होतो. सुरुवातीला जास्त शक्तीने आणि मोठ्या पावलांनी शोध घ्यावा. जागा सापडल्यावर शक्ती कमी करत जावे, नाहीतर रेषा शक्तीमुळेच रुंद होते आणि अचूकता हरवते.

मोजणीचा वेळ आधी काढून पाहावा. अपेक्षित बदल २ टक्के असेल आणि त्याची अनिश्चितता ०.२ टक्के हवी असेल, तर प्रत्येक बिंदूला सुमारे अडीच लाख बीटा कण लागतात. चाळीस बिंदूंना एक कोटी. असममिती निम्मी झाली तर वेळ चौपट होतो. म्हणून उत्पादन वाढवण्यापेक्षा ध्रुवीकरण सुधारण्यात घालवलेला दिवस बहुतेक वेळा अधिक फलदायी ठरतो, असे माझे मत आहे.

स्फटिकाची मांडणी अक्षरशः पारखून घ्यावी. अंतर हे प्रवणतेचा अक्ष आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यातील कोनावर अवलंबून असते : ३ अंशांच्या तिरकेपणाने ते ०.४ टक्क्यांनी आणि ५ अंशांनी १.१ टक्क्यांनी कमी होते. धातूंतील प्रवणता तापमानानेही बदलते. दोन्ही समस्थानिक त्याच स्फटिकात, तो न हलवता आणि त्याच तापमानाला मोजले, तर या दोन्ही चुका गुणोत्तरातून जवळपास निघून जातात. धारकातून स्फटिक काढून पुन्हा बसवला की ही सवलत संपते. शिवाय रुतलेल्या केंद्रकाचे ध्रुवीकरण त्याच्या अर्धायुष्यापेक्षा जास्त काळ टिकले पाहिजे. लिथियम-११ ला ही अट सोपी जाते, पण ८४० मिलीसेकंदांच्या आसपास जगणाऱ्या लिथियम-८ साठी स्फटिक आणि तापमान पारखूनच घ्यावे लागते.

१९९२ मध्ये आयसोल्डवरच लिथियम-११ आणि लिथियम-९ यांच्या क्यूंचे गुणोत्तर १.१४ आले होते, पण ०.१६ इतक्या अनिश्चिततेसह. त्यावरून गाभा बदलतो की नाही हे सांगता येत नव्हते. २००८ मध्ये झिंकच्या स्फटिकात तेच गुणोत्तर १.०८८ आणि अनिश्चितता ०.०१५ अशी मिळाली. गाभ्याचा विद्युत् भार सुमारे नऊ टक्क्यांनी अधिक विकृत दिसतो, हे विधान संदर्भाच्या निरपेक्ष मूल्यावर मुळीच अवलंबून नाही.

पाचवी पायरी : नॅनोसेकंदांचे आयसोमर

गॅमा किरणांच्या कोनीय वितरणातला काळानुसार बदल मोजण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील वाचकाला घराजवळची आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून चालणाऱ्या पेलेट्रॉन प्रवेगकावर, आणि पुढे त्याला जोडलेल्या अतिसंवाहक रेषीय प्रवेगकावर, ती अनेक वर्षे वापरली गेली आहे. स्पंदित किरणाने केंद्रकीय अभिक्रिया घडवतात. निर्माण झालेले आयसोमर प्रतिक्षेपाने स्फटिकात रुततात आणि त्यांचे स्पिन किरणाच्या काटकोनात असलेल्या प्रतलात रांगेने लागलेले असतात. प्रवणतेमुळे ही रांग ठरावीक आवर्तनाने डोलते, आणि शून्य व नव्वद अंशांवरील गॅमा संवेदकांतील मोजणीचे गुणोत्तर काळानुसार वरखाली होते.

स्पिन जितका मोठा, तितके हे डोलणे मंद होते. नवखे लोक येथेच फसतात. एक बार्न आणि १०²¹ प्रवणता धरली, तर स्पिन ५/२ साठी मूळ आवर्तन सुमारे २७५ नॅनोसेकंदांचे, आणि स्पिन १० साठी साडेदहा मायक्रोसेकंदांचे येते. आयुष्य ३०० नॅनोसेकंद असलेल्या स्पिन १० च्या आयसोमराचे त्या प्रवणतेत एकही आवर्तन दिसणार नाही. दहापट प्रवणता मिळाली तरी आवर्तनाचा काही भागच हाती येईल. म्हणून किरणवेळ मागण्याआधी हा भागाकार करून पाहावा आणि त्यावरून स्फटिक निवडावा. किरणामुळे स्फटिकात झालेले दोष प्रवणता विस्कळीत करतात आणि आवर्तने लवकर विझतात. स्फटिक तापवून ठेवल्याने बराच फरक पडतो. दुसरी मर्यादा म्हणजे रांगेत लागलेल्या, पण ध्रुवित नसलेल्या स्पिनांवरून क्यूचे केवळ परिमाण कळते, चिन्ह कळत नाही. चिन्ह हवे असेल तर तिरक्या पातळ पत्र्यांतून आयन नेऊन आधी ध्रुवीकरण घडवावे लागते.

शेवटची पायरी : आकडा लिहिणे

अहवालात प्रथम मोजलेली वारंवारता किंवा बी सहगुणक द्यावा, मग संदर्भाशी गुणोत्तर, आणि त्यानंतरच क्यू. क्यूपुढे दोन वेगळे कंस असावेत : पहिल्यात मोजणीची अनिश्चितता, दुसऱ्यात प्रवणतेची किंवा संदर्भाची. दोन्ही एकत्र मिसळू नयेत. शेजारच्या समस्थानिकांची तुलना करणाऱ्याला फक्त पहिला कंस लागतो, सिद्धांताच्या निरपेक्ष मूल्याशी तुलना करणाऱ्याला दोन्ही. कोणता संदर्भ आणि त्याचे कोणते मूल्य वापरले हेही त्याच तक्त्याखाली लिहावे. केंद्रकीय परिबलांचे संकलन करणारे स्टोन यांच्यासारखे अभ्यासक संदर्भ बदलला की जुनी मूल्ये नव्याने काढतात. ज्या लेखात केवळ क्यू छापलेला असतो आणि बी गाळलेला असतो, तेथे त्यांना आधी कोणता संदर्भ वापरला गेला असावा याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला तर दोन महिन्यांच्या तयारीचा आणि आठवड्याच्या किरणवेळेचा आकडा तक्त्यात चुकीच्या मापाने बसतो.